एकादशी, दुप्पट खाशी आणि दहाची पेज

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. कॉलेजात असताना दोन वर्षं माझं खाण्याचं तंत्र पार बिघडलं होतं. दिवसभर काही खायचं नाही, रात्री मिळेल ते खायचं आणि मग बाथरूममध्ये जाऊन ओकायचं. घरी कुणाला पत्ता नव्हता. एका मैत्रिणीने हात धरून डॉक्टरकडे नेलं, उपचार झाले, बरी झाले. लग्नाला पाच वर्षं झाली, नवऱ्याला यातलं काही माहीत नाही.

पाळी चुकते म्हणून दोन महिन्यांपूर्वी तपासण्या केल्या. पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा विकार) निघालं आणि साखर काठावर. डॉक्टरांनी पाच मिनिटांत ‘वजन उतरवा’ म्हणून सांगितलं आणि एक छापील कागद हातात दिला. भात बंद, नारळ बंद, गोड बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही, रोज सकाळी वजन. तीन दिवस काटेकोर पाळलं. खोटं कशाला सांगू, मजा वाटली. चौथ्या रात्री सासूबाईंनी पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, घातलेल्या फणसाच्या साठांचा (फणसपोळ्यांचा) डबा उभ्या उभ्या संपवला आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा बाथरूमची कडी लावली. त्यानंतर आणखी दोनदा झालं.

आता श्रावण येतोय, आमच्या घरात सोमवार असतात. मग गणपतीची चवथ. डाएट केलं तर हे होतं, नाही केलं तर साखर वाढेल. माझ्यासारखीने तब्येतीसाठी करायचं तरी काय? की काहीच करू नये?

— एक शिक्षिका

प्रिय बाय,

तुझ्या पत्रात किलोचे आणि कॅलरींचे बरेच आकडे होते. ते मी छापायला दिले नाहीत. तू चुकीचं लिहिलंस म्हणून नव्हे. तुझ्यासारखी आणखी एखादी हे वाचत असेल, तिला त्या आकड्यांशी चढाओढ करावीशी वाटेल. तू शिक्षिका आहेस, वर्गात एकाचे मार्क मोठ्याने वाचले की बाकीच्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तुला ठाऊक आहे.

दुसरी कबुली माझी. तुला मिळाला तसा कागद मीही वर्षानुवर्षं वाटला आहे. मी आहारतज्ज्ञ. उमेदवारीच्या काळात आमच्याकडे तक्त्यांचा गठ्ठाच असायचा, समोर बसलेल्या माणसाचं नाव वर लिहायचं की झालं. ‘पूर्वी कधी खाण्याचा आजार होता का?’ हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता आणि मला तो विचारायचं सुचलंही नाही. एक मुलगी दर महिन्याला येऊन माझं कौतुक ऐकून जायची. सांगितल्यापेक्षा जास्त वजन उतरवायची. तिचं काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

तुझ्या पत्रातलं ‘मजा वाटली’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. चौथ्या रात्रीपेक्षा मला ते तीन दिवस जास्त काळजीचे वाटतात. साध्या माणसाला भात बंद केला तर तो चिडतो, कुरकुरतो, दोन दिवसांनी चोरून खातो आणि विसरून जातो. तुला मात्र उपाशीपोटी हलकं वाटलं, शहाणं झाल्यासारखं वाटलं, सगळं हातात आल्यासारखं वाटलं. जुना आजार याच दारातून आत येतो. म्हणून इतरांना जो कागद नुसता कंटाळवाणा असतो, तो तुला घातक आहे. तो कागद फाडून टाक. डॉक्टरांना काय सांगायचं ते पुढे लिहिते.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपण हसत म्हणतो, जणू खाणाऱ्याला लाज नाही. पण ही म्हण शरीराचा स्वभाव सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा नीट खाऊ कसं घालायचं, ते त्याला शोधायचं होतं. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले हे पुरुष, स्वतःहून तयार झालेले. २४ आठवडे त्यांचं खाणं जवळपास निम्म्यावर आणलं. थोड्याच दिवसांत ते अन्नाशिवाय दुसरं काही बोलेनात. स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागले, पाककृती जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवू लागले. चिडचिड, उदासी, कुणाशी बोलणं नको. काही जणांनी नियम मोडून अधाशासारखं खाल्लं आणि मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी थांबता येत नाही, अशी तक्रार त्यांच्यातले कित्येक करत होते. यातल्या एकालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. तेव्हा साठांचा डबा संपला तो तुझ्या मनाच्या दुबळेपणामुळे, हे डोक्यातून काढ. तीन दिवस उपाशी ठेवलेल्या शरीराने चौथ्या रात्री आपलं काम केलं.

तू पुरुमेंत हा शब्द लिहिलास म्हणून त्याच भाषेत सांगते. पावसाळ्यात बाजार बंद होईल, होड्या नांगरून पडतील, म्हणून मे महिन्यात आपण सुकी मासळी, मिरच्या, सोलां, चिंच, साठं भरून ठेवतो. शरीरही तसंच करतं. अन्न कधी मिळेल याचा भरवसा नसला की मिळेल तेव्हा कोठार भरायचं, अशी त्याची रीत. तू ऐन सुगीत त्याला पावसाळा दाखवलास. आता त्याला पटवून द्यायचंय की बाजार रोज उघडा आहे आणि ठरलेल्या वेळेला उघडतो.

पण त्याआधी या आठवड्यातलं काम. तीनदा ओकलीस. आकडा छोटा वाटतो, पण आजार परत आलाय हे समजायला पुरेसा आहे. ओकण्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा फटका हृदयाच्या ठोक्यांना बसतो. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घे. ओकल्यावर लगेच दात घासू नकोस, नुसत्या पाण्याने चूळ भर. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं कवच ब्रशने आणखी झिजतं. पोट साफ करायच्या गोळ्यांचं तू लिहिलेलं नाहीस, तरी सांगून ठेवते. त्या मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्न तर त्याआधीच लहान आतड्यात शोषलेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारी मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांग, ‘मला पूर्वी बुलिमिया होता, तो परत आलाय.’ बुलिमिया हे या अधाशासारखं खाऊन ओकण्याच्या आजाराचं नाव. ते घेऊन सांगितलं की काम लवकर होतं. तुझे जुने डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे गेलीस तरी उत्तम. जायला धीर होईना तर आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोल. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडलीस, छातीत धडधडलं, उलटीत रक्त दिसलं किंवा जगावंसं वाटेना, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी गोमेकॉच्या तातडीच्या विभागात. १०८ ला फोन कर.

आता तुझा खरा प्रश्न. डाएट न करता साखर आणि पीसीओएस सांभाळता येतं का? येतं. २०२३ साली पीसीओएसवर जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही असं म्हटलं आहे. वजन उतरलं नाही तरी चांगल्या राहणीमानाचे फायदे मिळतात, हेही आहे. आणि पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये खाण्याचे आजार जास्त आढळतात, डॉक्टरांनी ते ध्यानात ठेवावं, हेही. म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस. कुणी म्हणेल, थोडं वजन उतरलं की साखरेला फायदा होतोच. पुष्कळांना होतो, ते मी नाकारत नाही. पण तुझ्याबाबतीत त्या वाटेवर तिसऱ्या दिवसानंतर काय आहे ते आपण पाहिलं. साखरेला दुसऱ्या बाजूनेही गाठता येतं.

पहिली गोष्ट घड्याळ. खाण्याच्या आजारावरच्या उपचारात सुरुवात यानेच होते: दिवसातून तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो. हल्ली सगळे सांगतात, शरीराचं ऐका, भूक लागेल तेव्हा खा. गोष्ट चांगली आहे, पण तुझ्यासाठी अजून नाही. तुझी भुकेची घंटा बिघडलेली आहे, कधी वाजतच नाही, कधी वाजायची थांबत नाही. ती दुरुस्त होईपर्यंत शाळेच्या शिपायासारखं घड्याळ बघून घंटा द्यायची.

आणि गंमत बघ, हे वेळापत्रक आपल्याकडे जुनंच आहे. तुझ्या आजीला विचार, शेतात जाणारी माणसं कशी खायची. सकाळी चहाबरोबर काहीतरी, दहा-साडेदहाला पेज, दुपारी शीत-कडी (भात-आमटी), चारला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की चहा आणि उंडो (गोल पाव), रात्री पुन्हा शीत. पाच वेळा. दहाच्या पेजेला कुणी ‘मिड-मॉर्निंग स्नॅक’ म्हटलं नाही, म्हणून तिची किंमत आपल्याला कळली नाही. मग शाळा-ऑफिसं आली, आणि सगळ्यात आधी गेली ती दहाची पेज.

तुझा शाळेचा दिवस मी डोळ्यांपुढे आणते. सकाळी नुसत्या चहावर घर सोडतेस, हे तूच पत्राच्या न छापलेल्या भागात लिहिलंयस. मधल्या सुट्टीत मुलं माध्यान्ह आहाराची पाव-भाजी खातात आणि तू पाण्याची बाटली घेऊन स्टाफरूममध्ये वह्या तपासतेस. दीडला शाळा सुटते, घरी पोचेपर्यंत दोन. म्हणजे आदल्या रात्रीपासून तुझ्या पोटात काही नाही. मग दुपारी ‘थोडंसंच’ जेवायचं आणि रात्री अकराला साठांच्या डब्यासमोर उभं राहायचं. रात्रीच्या अकराची दुरुस्ती सकाळच्या साडेसहाला होते, अकराला नाही.

म्हणून: घर सोडण्यापूर्वी एक पोई (कोंड्याचा पाव) आणि अंडं, किंवा मुगाची उसळ. मधल्या सुट्टीत थर्मासमधून उकड्या तांदळाची पेज, वर आंब्याची तोर (कैरी) आणि लहान डब्यात चवळीची सुकी भाजी. नुसती पेज साखर पटकन चढवते, सोबत डाळ-कडधान्य किंवा अंडं असलं की चढ हळू होते. पेज न्यायचा कंटाळा आला त्या दिवशी मुलांबरोबर बसून पाव-भाजी खा. दोनला पानभर जेवण. साडेचारला चहा आणि केळं, भिजवलेले चणे, शेंगदाणे, जे असेल ते. रात्री आठला जेवण. नवरा वेर्ण्याला कामावर दुसऱ्या पाळीत असला तरी त्याच्यासाठी थांबायचं नाही. तो आला की त्याच्याबरोबर कपभर दूध घे हवं तर.

‘किती?’ असं तू विचारणार. मी माप देणार नाही. तुझ्या हातात माप दिलं की तू त्यातलं निम्मं करशील, हे मला ठाऊक आहे. घरातली बाकीची बाईमाणसं वाढून घेतात तेवढं ताट. सासूबाईंनी वाढलं तर आणखी बरं.

ताटात काय असावं, याबद्दल एकच सांगते, काढायचं काही नाही, घालायचं आहे. शीत-हुमणाच्या (भात आणि माशांच्या आमटीच्या) ताटात तांबडी भाजी घाल. आठवड्यातून तीन-चारदा अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याचा रस्सा), मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), कुळथाचं पिठलं. खतखतें चवथीपुरतंच का ठेवतो आपण, कोण जाणे. इतक्या भाज्या एका पातेल्यात कोणत्याच आहाराच्या कागदावर नसतात. भात बंद करायचा नाही. उकडा तांदूळ साधारणपणे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा साखर सावकाश चढवतो, आणि तो तर आपल्या घरात आहेच. नारळ बंद करणाऱ्याने गोव्यात जेवावं काय, हा माझा जुना प्रश्न आहे. हुमणातला नारळ सगळं घर खातं, तूही खा. वेगळं शिजवलेलं, वेगळ्या ताटलीतलं अन्न तुझ्यासाठी औषध नाही, ती आजाराची पहिली खूण आहे.

आता साठं. हे तुला सगळ्यात भीतीचं वाटेल. डबा लपवायला सांगू नकोस आणि ‘पुन्हा कधी हात लावणार नाही’ अशी शपथही घेऊ नकोस. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. मोडलाच नियम, तर आता काय उरलं! नियम जितका कडक तितका तो मोडल्यावरचा पूर मोठा. तेव्हा दोन-तीन आठवडे घड्याळ जमलं, की एका संध्याकाळी चहाबरोबर, बशीत काढून, बसून, घरच्यांच्या सोबत साठाचा एक तुकडा खा. पोट रिकामं असताना नाही, एकटीने नाही, उभ्याने नाही. तुझे उपचार करणारे म्हणाले अजून थांब, तर थांब. महिनोन्‌महिने तो तुकडा येत राहिला की डब्याचा दरारा जातो. साखर काठावर असलेल्या माणसाला चहाबरोबर एक तुकडा चालतो. रात्री अख्खा डबा चालत नाही, आणि तो तुकड्याच्या बंदीतूनच येतो.

मधेच एखादी रात्र बिघडेल. बिघडेलच म्हण. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची पोई मात्र चुकवायची नाही. कालचं भरून काढायला आज उपास केला की चाक पुन्हा फिरायला लागतं. आणि जेवणानंतरचा पहिला तास एकटीने घालवू नकोस. ओसरीवर सासूबाईंबरोबर बस, आईला फोन लाव, वह्या स्वयंपाकघरात आणून तपास. तो तास टळला की बाथरूमची ओढ पुष्कळ ओसरते.

हालचालीचं सांगते, कारण साखरेला तिचा खरा उपयोग आहे. स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात, त्यासाठी वजन उतरावं लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललीस तरी जेवणानंतरची चढ कमी होते. पाऊस आहे तर पडवीत फेऱ्या मार. कदंबाच्या बसमधून एक थांबा आधी उतरणं मी सांगणार होते, पण आषाढात डिचोलीच्या रस्त्यावर छत्री उलटी होते, तेव्हा राहू दे. त्यापेक्षा मला तुझ्यासाठी फुगडी बरी वाटते. चवथ जवळ आली की गावागावात बायकांचे गट सरावाला जमतातच. तासभर फुगडी घातल्यावर पोटऱ्या काय म्हणतात ते घालणारीलाच कळतं, आणि तिथे आरसा नसतो, वजनकाटा नसतो, ‘किती जळलं’ हे सांगणारं घड्याळ नसतं. हसून हसून पोट दुखतं तो वेगळा व्यायाम. आठवड्यात दोनदा थोडं जोर लावायचं काम जोड. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या कळशा. एक खूण मात्र ध्यानात ठेव. पावसाने एक दिवस बुडाला आणि जिवाची तगमग झाली, किंवा खाल्लेलं ‘फेडायला’ म्हणून चालावंसं वाटलं, तर तो व्यायाम आजाराच्या खात्यात जातोय. तेव्हा थांब आणि उपचार करणाऱ्यांना सांग.

झोपेबद्दल थोडंच. रात्री जागरण झालं की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि इन्सुलिनचं काम मंदावतं. नवऱ्याच्या पाळीबरोबर तुझीही झोप मोडत असेल, तर एखादी दुपार त्यासाठी राखून ठेव.

वजनकाटा घरातून जाऊ दे. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात नेऊन ठेव, मुलांना दप्तरं मोजायला कामाला येईल. त्याऐवजी एका वहीत इतकंच लिही: पाचपैकी किती वेळा खाल्लं, झोप किती तास, पाळीची तारीख, आणि दुपारी चौथीच्या वर्गावर विनाकारण ओरडलीस का. शेवटचं मी थट्टेने लिहीत नाही. उपाशी बाई फार लवकर चिडते, आणि हे मुलांना आपल्या आधी समजतं. साखरेसाठी तीन महिन्यांच्या सरासरीची जी रक्ततपासणी असते ती तीन महिन्यांनी करू. त्याआधी घरी बोट टोचत बसू नकोस, तो आणखी एक वजनकाटा होईल.

डॉक्टरांना सांगायचं ते एका चिठ्ठीवर लिहून ने, समोर गेल्यावर शब्द फुटत नाहीत: ‘मला खाण्याचा आजार होता आणि तो डाएटनंतर परत आला. मला बंदीचा तक्ता चालत नाही. वजन घ्यायचंच असेल तर मी काट्याकडे पाठ करून उभी राहीन, आकडा मला सांगू नका. साखरेसाठी आणि पाळीसाठी औषध लागत असेल तर त्याबद्दल बोलू.’ औषध घेणं म्हणजे हार नव्हे. काही बायकांना त्याची गरज असते, काहींना नसते, ते त्यांनी ठरवायचं. हे ऐकून डॉक्टर चिडले तर दुसरे बघ. बहुतेक चिडणार नाहीत, त्यांना माहीतच नसतं.

श्रावणी सोमवार. यंदा नाही, आणि पुढची काही वर्षंही नाही. आजाऱ्याला, गरोदर बाईला, लहान पोराला उपासातून सूट आपल्या आज्यांनीच दिली आहे, तुला ती लागू होते. सासूबाईंना सगळी कहाणी सांगायची तयारी नसेल तर ‘साखरेसाठी डॉक्टरांनी उपाशी राहायला मना केलंय’ एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. देवळात जा, बेल वाहा, संध्याकाळी सोडायच्या पानावर बस, पण त्याआधी चार वेळा खाऊन. श्रावणात मासळी नाही म्हणून तुझ्या ताटातलं प्रथिन गायब होतं, तेव्हा अळसांदे, मूग, दही, पनीर जास्त घे.

चवथीला पातोळ्या, नेवऱ्या, मोदक येणार. दुपारी गोड भरपूर म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवलंस तर काय होईल ते तुला आता पाठ आहे. त्या दिवशीही साडेसहा, साडेदहा. आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली) जमलेल्या गोतावळ्यातली एखादी मावशी ‘कितें गो, मोटें जालां!’ म्हणणारच. आपल्याकडे हे ‘बरी आहेस ना’च्या जागी म्हणतात, त्यात वाईट हेतू नसतो, लागतं मात्र बरोबर. तिला उत्तर द्यायची गरज नाही. ‘मावशे, पातोळ्या कोणी केल्या?’ म्हणून विचार, ती पुढची वीस मिनिटं हळदीच्या पानांवर बोलेल. बारीक झालीस म्हणून कौतुक करणारी तर तुझ्यासाठी जास्त धोक्याची, तिच्यापासून लवकर उठ.

राहता राहिला नवरा. अकरा वर्षं तू हे एकटीने सांभाळलंस. आजाराला एकांत लागतो, कडी लागते. सगळं एका बैठकीत सांगायला नको. ‘मला कॉलेजात असताना एक आजार झाला होता, तो परत आलाय, मी बांबोळीला जाणार आहे, तू सोबत ये’ इतकंच सांग. तो सुरुवातीला चुकीचं बोलेल. ‘मग खा की नीट’ म्हणेल, बहुतेक सगळे म्हणतात. त्याला दोन कामं दे: रात्री जेवणानंतर आपल्याबरोबर बसायचं, आणि माझ्या ताटाकडे बघून काही बोलायचं नाही. दुसरं त्याला जास्त जड जाईल.

हे सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी, बांबोळीची फेरी आणि मधल्या सुट्टीतली पेज. थर्मास नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल, रुंद तोंडाचा घे, चमचा आत जायला हवा. महिन्याभराने मला लिही, पण किलो लिहू नकोस. पेजेबरोबर काय नेलंस ते लिही.

तुझी,
ताई